आजारपण झालं, आता मॅटर्निटी रजा कधीपासून घ्यायची?

मला डेंग्यू झाला तेव्हा ३१वा आठवडा सुरू होता. पाच दिवस नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात सलाईनवर काढले. घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसमधून फोन आला. "मॅडम, आता कशाला धावपळ करता? मॅटर्निटीच लावून टाका ना." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं आणि माझ्या अंगात फोन कानाला धरून बसायचीही ताकद नव्हती. मी हो म्हटलं. ३२ आठवडे पूर्ण झाले त्या दिवसापासून रजा लागली.

दोन आठवड्यांत मी नीट जेवायला लागले, जिना चढू लागले. पुढचे सहा आठवडे नुसती घरी बसून होते. त्यावर मुलीनं आणखी सहा दिवस वाट पाहायला लावली. मी कामावर परतले त्या दिवशी ती बरोबर १२० दिवसांची होती. पहिल्याच दुपारी दोनच्या सुमारास कुर्ता दुधानं भिजला. ओढणी पुढे ओढून मी तशीच पाच वाजेपर्यंत बसले. त्या महिन्याच्या पगारपत्रकात माझ्या नावावर १९ अर्जित रजा जशाच्या तशा दिसत होत्या. आजारपणात त्या वापरल्या असत्या, तर ते तीन आठवडे मला मुलीजवळ मिळाले असते.

आज मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आस्थापना आणि पगाराचं काम बघते. गरोदर बाई आजारी पडून माझ्या टेबलासमोर बसली की मी तिला आधी खुर्ची देते, पाणी देते आणि सांगते, आज कोणत्याही कागदावर सही करू नकोस. तारीख कशी ठरवायची ते आपण नीट बसून बघू. तेच इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी दोन खाती वेगळी करा

आजारपणाची रजा वेगळी आणि बाळंतपणाची रजा वेगळी. ऐकायला साधं आहे, पण सगळी गफलत इथेच होते. पोटात बाळ आहे म्हणून अंगावर येणारं प्रत्येक दुखणं बाळंतपणाच्या खात्यात टाकायचं नसतं. आजारपणासाठी तुमच्याकडे सिक लीव्ह आहे, अर्जित रजा आहे, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) असेल तर त्यांचा आजारपणाचा लाभ आहे. मॅटर्निटीची रजा एका बाळंतपणाला एकदाच मिळते आणि ती एकदा सुरू झाली की मधूनच थांबवून पुढे ढकलता येईल असं धरून चालू नका.

दुसरं म्हणजे, ती कोणत्या तारखेपासून घ्यायची हे लेखी कळवायचं असतं तुम्ही. ऑफिसनं परस्पर "लावून टाकायची" ती गोष्ट नाही.

तुमची नोकरी कोणत्या नियमात बसते ते बघा

खासगी कारखाना, कंपनी, दहा किंवा जास्त माणसं असलेलं दुकान, शाळा, दवाखाना, यांना मातृत्व लाभाचा कायदा लागतो. मूळ कायदा १९६१ चा, २६ आठवड्यांची तरतूद १ एप्रिल २०१७ पासूनची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि मातृत्व लाभाचं प्रकरण आता तिच्यात आहे. पण आपल्या कामाचे आकडे तेच आहेत. एकूण २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. त्यांतले ड्यू डेटच्या आधी जास्तीत जास्त ८ आठवडे. आधीची दोन मुलं असतील तर एकूण १२ आठवडे आणि आधी जास्तीत जास्त ६. अट एकच, ड्यू डेटच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. कायद्यानं पगारी सुट्टीचे ठरवलेले दिवसही या ८० दिवसांत मोजले जातात. जुन्या नोकरीत हा प्रश्न सहसा येत नाही. नोकरीला लागून चार-पाच महिने झाले असतील आणि मध्ये मोठं आजारपण आलं असेल, तर मात्र हजेरीचे दिवस बोटावर मोजून घ्या.

पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयसी कापलं जात असेल, तर पैसे कंपनीकडून येत नाहीत, ईएसआयसीकडून येतात. मातृत्व लाभ पूर्ण मजुरीइतका, तोही २६ आठवडे. आजारपणाचा लाभ मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. एकाच काळासाठी दोन्ही मिळत नाहीत. म्हणून आजारपण कोणत्या तारखेला संपलं आणि बाळंतपणाची रजा कोणत्या तारखेला सुरू झाली, हे कागदावर स्वच्छ दिसलं पाहिजे. दोन्हींसाठी वर्गणीच्या दिवसांची अट वेगळी आहे. आजारपणासाठी सहा महिन्यांच्या एका वर्गणी काळात ७८ दिवस, मातृत्वासाठी आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवस. नागपुरात ईएसआयचं रुग्णालय सोमवारी पेठेत आहे आणि कार्यालय गणेशपेठेत पंचदीप भवनात. दाखला त्यांच्या डॉक्टरकडूनच घ्यावा लागतो. खासगीत उपचार घेत असाल तरी ही फेरी टाळू नका आणि आजारपणाच्या पहिल्या दोन-चार दिवसांतच घरातल्या कोणाला तरी पाठवून चौकशी करून घ्या.

राज्य सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या बाईंना १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते आणि ती सुरू झाल्या तारखेपासून सलग मोजली जाते. आजारपणासाठी तुमच्याकडे अर्जित रजा असते, वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा असते. परिवर्तित रजेचा एक दिवस अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दोन दिवस कापतो, हे लक्षात ठेवून किती वापरायची ते ठरवा. प्रसूती रजा तुमच्या रजेच्या खात्यातून वजा होत नाही.

कंत्राटावर आहात म्हणून काही मिळणार नाही, असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या बाईला करार संपल्यानंतरच्या काळासाठीही मातृत्व लाभ देणं भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

एक सावधगिरी. "शेवटच्या चार आठवड्यांत आजारी पडलात तर मॅटर्निटी आपोआप सुरू होते" असं मोबाईलवर वाचून दोघी-तिघी माझ्याकडे घाबरून आल्या. तो नियम इंग्लंडचा आहे. आपल्याकडे तसं आपोआप काही होत नाही.

कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन बसा

ड्यू डेट कोणती धरायची? पाळीच्या तारखेवरून एक येते, सोनोग्राफीवरून एक येते, आणि नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तिसरीच छापून येते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा अंदाज जास्त भरवशाचा असतो. डॉक्टरांनी त्यावरून जी तारीख कायम केली असेल ती त्यांच्याकडून फाईलवर लिहून घ्या आणि सगळ्या कागदांवर तीच वापरा. दोन दाखल्यांवर दोन ड्यू डेट आल्या की पगाराचं काम अडकतं, हे मी दर वर्षी बघते.

आता भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. समजा ड्यू डेट २० जुलै २०२६, सोमवार. मागे ८ आठवडे मोजले की २५ मे येतो. त्याच्या आधी मॅटर्निटी सुरू करता येत नाही. आता तीन तारखा पेन्सिलनं लिहा.

२५ मे पासून रजा घेतली तर कामावर परत २३ नोव्हेंबरला. बाळ ठरल्या दिवशी आलं तर तेव्हा ते १८ आठवड्यांचं.

२९ जूनपासून घेतली तर परत २८ डिसेंबरला. बाळ २३ आठवड्यांचं.

१३ जुलैपासून घेतली तर परत ११ जानेवारी २०२७ ला. बाळ २५ आठवड्यांचं, म्हणजे सहा महिन्यांच्या अगदी जवळ. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध पाजायचं असतं, हे मनात ठेवून या तीन तारखांकडे पुन्हा बघा.

बाळंतपण लांबलं तर ते दिवस रजेच्या शेवटातून कमी होतात, मूळ १८२ वाढत नाहीत. लवकर झालं तर बाळंतपणाच्या दिवसापासून रजा धरली जाते आणि नंतरचे दिवस वाढतात. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत कोणीही तुम्हाला कामावर घेऊ शकत नाही, तिथे तडजोड नाही.

त्या २५ मे कडे जरा थांबून बघा. आपल्याकडे नवतपा त्याच दिवसांत बसतो. पारा ४५च्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तुम्ही आठव्या महिन्यात मानेवाड्याहून हिंगण्याला दुचाकीवर मागे बसून जाणार. नुकतंच आजारपण झालेल्या बाईनं हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यावर उपाय म्हणजे लगेच मॅटर्निटीच, असंही नाही. दहा दिवस अर्जित रजा टाका, लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोनं येणं जमतं का बघा, सकाळची लवकरची वेळ मागा, घरून काम होत असेल तर तसं विचारा. नवतपा संपतो, पाऊस येतो, आणि मग पुढचे तीन-चार आठवडे काम करता येतं. हे केलेल्या दोन बाया आमच्याच कारखान्यात आहेत.

आजार कोणत्या जातीचा आहे?

तारखेचा खरा निर्णय इथे होतो. मी आजारांच्या तीन ढिगाऱ्या करते.

पहिली, येऊन जाणारे आजार. डेंग्यू, टायफॉइड, लघवीचा जंतुसंसर्ग, छातीत कफ होऊन आलेला ताप. यांत तापाचे दिवस आणि नंतरच्या अशक्तपणाचे दिवस वेगळे मोजा. डेंग्यूचा ताप आठवड्यात उतरतो, पण पाय गळून जाणं दोन-तीन आठवडे चालतं, कधी जास्त. या पूर्ण काळासाठी आजारपणाची रजा घ्या. ड्यू डेट अजून सहा-सात आठवडे लांब असेल तर मॅटर्निटीला हात लावू नका. कावीळ मात्र या ढिगारीत धरू नका. हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. तिथे रजेचा हिशेब नंतर, दवाखाना आधी.

दुसरी, बाळंतपणापर्यंत सोबत राहणारे आजार. वाढलेलं बीपी, वार (प्लॅसेंटा) खाली असणं, गरोदरपणातला मधुमेह, तीव्र रक्तक्षय, तळहात-तळपाय रात्री खाजून पित्तरस वाढलेला असणं. यांत "बरी झाले की परत येते" हे वाक्यच लागू नाही. आज बरं वाटतं, परवा बिघडतं. मधुमेह आहार आणि औषधानं आटोक्यात असेल तर अनेक जणी आरामात काम करतात. रक्तक्षयात हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की उपचार सुरू होतात, आणि ७च्या खाली तो तीव्र समजतात. त्या अवस्थेत ऑफिसला येणं मला पटत नाही. वार खाली असून रक्त गेलं असेल, किंवा बीपी १४०/९० च्या वर राहत असेल, तर आठ आठवड्यांची मर्यादा सुरू झाल्याबरोबर मॅटर्निटी घेणं योग्य ठरतं. त्याच्या आधीचे दिवस आजारपणाच्या खात्यातून काढा. अशा वेळी शेवटाला आठवडे वाचवायच्या नादात ओढाताण करू नका. डॉक्टरांनी ३७व्या आठवड्यातच बाळंतपण करायचं ठरवलं, तर तुमचे नंतरचे आठवडे तसेही वाढणार आहेत.

तिसरी, आधीपासूनचा आजार जो गरोदरपणात चिघळतो. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी ठाऊक आहे. उन्हाचा ताण, पाणी कमी पडणं, दगदग, यांनी सिकलसेलच्या बाईला त्या आजाराच्या कळा अंगात सुरू होतात. थायरॉइड, दमा, हृदयाच्या झडपांचा त्रास हेही यातलेच. इथे स्त्रीरोगतज्ज्ञासोबत त्या आजाराच्या डॉक्टरचंही मत घ्या, आणि ते लेखी घ्या.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे चमकणं, छातीच्या खाली पोटात दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. यांतलं काहीही झालं तर ना रजा, ना अर्ज, सरळ दवाखाना. १०८ ला फोन करा, गरोदर बाईसाठी १०२ ची गाडीही आहे. नागपुरात डागा, मेयो, मेडिकल, कुठलंही जवळचं रुग्णालय. ऑफिसला दुसऱ्या दिवशी कळवलं तरी चालतं.

तो एक जादा महिना

हा फार कमी जणींना माहीत असतो. गरोदरपणामुळे, बाळंतपणामुळे किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मल्यामुळे आजार उद्भवला, तर २६ आठवड्यांव्यतिरिक्त आणखी जास्तीत जास्त एक महिना पगारी रजा मिळते. पैसे मातृत्व लाभाच्याच दरानं. ईएसआयसीतही डॉक्टरच्या सल्ल्यावर असा एक महिना वाढतो.

इथे एका शब्दाचा फरक आहे. गरोदरपणात झालेला आजार आणि गरोदरपणामुळे झालेला आजार. डेंग्यू गरोदरपणात झाला, गरोदरपणामुळे नाही, म्हणून त्यावर हा महिना मागता येणार नाही. बीपी, थांबतच नाहीत अशा उलट्या, वारेचा त्रास, गरोदरपणातला मधुमेह हे गरोदरपणामुळे. त्यावर मागता येतो. महिना एकच आहे, म्हणून कधी वापरायचा हेही ठरवा. अर्जित रजा भरपूर असेल तर आधी ती वापरा आणि हा महिना हाताशी ठेवा. बाळ काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली, टाके पिकले, तर तो तेव्हा लागेल. अर्जित रजा नाहीच, बिनपगारी व्हायची वेळ आली, तर आत्ता मागा. पगार बुडवून उद्यासाठी रजा राखण्यात शहाणपण नाही.

दाखल्यावर काय लिहिलेलं हवं

दवाखान्यातून येणारे बहुतेक दाखले एका ओळीचे असतात, "विश्रांतीचा सल्ला". त्यावरून माझ्यासारखीला काहीच करता येत नाही. माझ्या फाईलला आलेला एक चांगला दाखला असा होता. २९ आठवड्यांची गर्भवती, ड्यू डेट अमुक, गरोदरपणामुळे उद्भवलेला उच्च रक्तदाब, अमुक तारखेपासून १४ दिवस विश्रांती आवश्यक, त्यानंतर पुन्हा तपासून कामाबाबत निर्णय. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. पाच ओळी, पण त्यातली प्रत्येक ओळ उपयोगाची. आजाराचं कारण होतं, किती दिवस ते होतं, आणि "बाळंतपणापर्यंत विश्रांती" असं मोघम लिहिलेलं नव्हतं.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. "बाळंतपणापर्यंत विश्रांती" लिहिलं की ऑफिसचा पुढचा प्रश्न ठरलेला, मग मॅटर्निटीच घ्या ना. आजार खरंच तसा असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर डॉक्टरांना विनंती करा की दोन आठवड्यांचा दाखला द्या, मी पुन्हा दाखवायला येते. तपासणीच्या घाईत हे राहून जातं, म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या. बरं झाल्यावर कामावर यायचं असेल तर फिटनेसचा दाखला घ्या आणि त्यात अटी लिहून घ्या. जड उचलू नये, सलग उभं राहू नये, रात्रपाळी नको, दर दोन तासांनी बसायला मिळावं.

या अटी म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही. ड्यू डेटच्या आधीच्या साधारण दहा आठवड्यांपासून, तुम्ही मागणी केलीत तर, तुम्हाला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही, आणि त्यापायी पगारही कापता येत नाही.

दोन दिवस जाऊन बघा

आजारातून उठून परत कामावर यायचं की नाही, हे घरी पलंगावर बसून कळत नाही. घरात बरं वाटतं, बसमधून उतरताना कळतं. म्हणून सोमवारी न येता गुरुवारी या. दोन दिवस काम, मग शनिवार-रविवार आराम. त्या दोन संध्याकाळी घरी पोचल्यावर स्वतःला विचारा, जेवण करून लगेच आडवं व्हावं लागलं का, पाय किती सुजले, बाळाची हालचाल रोजच्यासारखी जाणवली का, सकाळी उठताना थकवा उरला होता का. दोन्ही दिवस तुम्ही कोलमडला असाल तर आणखी एक आठवडा आजारपणाची रजा घ्या. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं आणि ड्यू डेट पाच-सहा आठवड्यांवर आली असेल, तर मॅटर्निटी सुरू करा. मनात कसलाही अपराध ठेवू नका.

आमच्या पॅकिंगमधल्या एका ताईला टायफॉइड झाला होता. पहिलीच खेप. ती परत आली तेव्हा तिच्या सासूबाई तिला सोडायला गेटपर्यंत आल्या होत्या. मला म्हणाल्या, "काहून एवढी घाई करून राहिली हे पोरगी? घरी कोणी काही म्हणून नाही राहिलं तिले." मी त्यांना आत बसवलं आणि कालनिर्णयावर तारखा दाखवल्या. आत्ता थांबली तर नातू साडेचार महिन्यांचा असताना ती कामावर, अन् तीन आठवडे काम केलं तर सव्वापाच महिन्यांचा. त्या बराच वेळ बोट ठेवून आठवडे मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग दुपारचा डबा मी पाठवतो गरम." आणि तीन आठवडे डबा आला. घरच्यांना कळकळ असते, हिशेब माहीत नसतो. तो त्यांना दाखवा.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर त्या प्रवासाची तारीखही याच कॅलेंडरवर लिहा. आजारपणानंतर यवतमाळ-गडचिरोलीकडचा लांबचा प्रवास कधीपर्यंत करायचा, हे डॉक्टरांना विचारून. कधीकधी रजेची तारीख त्या प्रवासावरूनच ठरते.

अर्ज

अर्ज लांबलचक नको. मी बायांना देते तो असा:

"मी गर्भवती असून माझी अपेक्षित प्रसूतीची तारीख २० जुलै २०२६ आहे. सोबत वैद्यकीय दाखला जोडला आहे. दि. ४ मे ते २३ मे या काळातील माझी अनुपस्थिती आजारपणाची असून ती माझ्या सिक लीव्ह व अर्जित रजेतून मंजूर करावी. माझी प्रसूती रजा दि. २९ जून २०२६ पासून सुरू होईल. वैद्यकीय कारणाने ही तारीख अलीकडे घ्यावी लागल्यास मी लेखी कळवीन. या काळात मी अन्यत्र कोठेही काम करणार नाही. मातृत्व लाभाची रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी."

आजारपणाच्या तारखा आणि बाळंतपणाच्या रजेची तारीख दोन वेगळ्या वाक्यांत, आणि तारीख अलीकडे घ्यायची वाट मोकळी, या दोन गोष्टी त्यात हव्यातच. प्रत्यक्ष दिलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, ईमेल केलात तर स्वतःच्या खासगी ईमेलवरही प्रत ठेवा. तोंडी "हो, सांगितलं आहे सरांना" यावर राहू नका. माझ्या वेळी सगळं फोनवर झालं होतं, म्हणून नंतर दाखवायला माझ्याकडे एक ओळसुद्धा नव्हती.

पैशाचं

लाभाचा दर रजेच्या आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांतल्या रोजच्या सरासरी मजुरीवरून काढतात. ही सरासरी तुम्ही काम केलेल्या दिवसांच्या मजुरीची असते. आजारपणात दहा दिवस बिनपगारी झाले म्हणून तीन महिन्यांचा हातात आलेला पगार घेऊन त्याला सरळ ९० नं भागलं, तर दर खाली येतो आणि ते चूक आहे. पगारपत्रक हातात घेऊन हा भागाकार स्वतः करा. बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम गर्भवती असल्याचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळते, उरलेली बाळंतपणाचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत. कंपनीनं बाळंतपणाच्या आधीची-नंतरची तपासणी फुकट दिली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही आहे.

रजेवर असताना कामावरून काढणं, किंवा पगार-हुद्दा कमी करणं बेकायदा आहे. तसं झालं तर आधी लेखी उत्तर मागा, मग नागपुरातल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा. दाखले आणि पोच असलेली फाईल सोबत न्या.

तारीख बदलावी लागली तर

२९ जून लिहून दिला आणि १० जूनला बीपी चढलं. दाखला घ्या, त्याच दिवशी एका ओळीचा ईमेल घरातल्या कोणाकडून तरी पाठवा की प्रसूती रजा आजपासून सुरू होत आहे, किंवा आजपासून अमुक तारखेपर्यंत गरोदरपणामुळे उद्भवलेल्या आजाराची रजा हवी आहे. दोन्हींपैकी कोणतं, हे त्याच ओळीत असू द्या. बाळ आधीच जन्मलं तर जन्माची तारीख आणि दवाखान्याचा दाखला पाठवा. मग कॅलेंडरवर रजेच्या पहिल्या दिवसापासून १८२ मोजून १८३व्या दिवसाला गोल करा. परतायची तारीख ती. ऑफिसकडूनही तीच लेखी कळवून घ्या आणि त्याच पत्रात दूध पाजण्यासाठीच्या रोजच्या दोन सुट्यांच्या वेळा विचारून ठेवा. त्या बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत मिळतात.